एक मात्रा आधी

गेर्लिंगेन, ३ ऑक्टोबर २०२४

चि. अरुंधतीस लीलाक्काचे आशीर्वाद.

आधी चष्मा शोध. डोक्यावर बघ. तिथं नसला तर फ्रिजमध्ये बघ, मागच्या वर्षी तिथंच सापडला होता. सापडला? आता हे पत्र कुणाचं ते आठव. मिरजेची, तुझ्या आत्याची लीला. तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तोंडावर देवीचे वण असलेली. गणपतीत तुझं पत्र यायचं होतं, आलं नाही, म्हणून नव्यानं ओळख करून द्यावी लागली.

तुला ऐकू येत नाही नि मला वाचता येत नाही. अशी जोडी देवानं जर्मनीत आणून ठेवली, तीही एक रेगेन्सबर्गला नि एक इथं. फोन लावला की तू नुसती हॅलो हॅलो करतेस. म्हणून नातसुनेला बसवलंय. आज ऋचाला सुट्टी आहे. पोर चांगली आहे, पण माझं एक वाक्य झालं की हिचं पेन चार वाक्यांएवढं चालतं. कागदावर घासल्याचा आवाज मला येतो, म्हणावं. (हेही लिहिलं तिनं. लबाड आहे.)

उन्हाळ्यापासून माझा घसा बसलाय. विशेष काही नाही. कुहू म्हणते पणजी बेडकासारखी बोलते. जर्मनमध्ये म्हणते, म्हणजे मला कळणार नाही असं तिला वाटतं.

आता कामाचं. ऋचाच्या मैत्रिणीनं तिला मोबाईलवर एक जाहिरात पाठवली. दहा नोव्हेंबरला स्टुटगार्टमध्ये सिंहली लोकांच्या मंडळाचा कार्यक्रम आहे. जुन्या सिंहली चित्रपटांची पार्श्वगायिका सुनेत्रा इतक्या वर्षांनी सापडली, आणि सापडली ती जर्मनीतच, म्हणून सत्कार. खाली फोटो. दोन वेण्या, कपाळावर बट, मान तिरकी. ऋचा म्हणाली, "आजी, या तर आपल्या अरुंधतीआजींसारख्या दिसतात!" म्हटलं, दिसणारच, फोटो तिचाच आहे. तर म्हणते, "म्हणजे त्या गायच्या?"

म्हटलं थांब, तिलाच विचारू. म्हणून विचारते. अरुंधते, तू कधी गायलीस गं?

विसरली असशील. मद्रासचा स्टुडिओ, मधोमध एकच मायक्रोफोन. खोक्यावर मी उभी, कारण उंची पुरत नव्हती. समोर कागद घेऊन तू.

यंदा दिवाळीला आलेपाक पाठवू नकोस. घशाला चुरचुरतो.

तुझी,
लीलाक्का


रेगेन्सबर्ग, १२ ऑक्टोबर २०२४

ती. लीलाक्कास अरुंधतीचा शि. सा. नमस्कार.

चष्मा नाकावरच होता. तुझं पत्र दोनदा वाचलं.

कार्यक्रमाचं तुला मीच कळवणार होते. राहून गेलं. कोलंबोच्या कुणा संग्राहकानं जुन्या गाण्यांच्या पुस्तिका इंटरनेटवर टाकल्या. थिएटरबाहेर विकायचे, त्या. त्यातल्या एकीवर माझा फोटो आणि खाली सुनेत्रा असं छापलेलं. उर्जानं तो पाहिला आणि ओरडतच माझ्या खोलीत आली. मला ओरडणं ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड दिसलं. माझ्या या नातीला तू ओळखतेस. जर्मनीतच जन्मलेली, कामात बुडालेली. आठवड्यातून एकदा दारातून डोकावायची आणि अंगठा वर करून विचारायची, ठीक? मी अंगठा वर करायची. झाली भेट. आता रोज ऑफिसातून आली की माझ्या पलंगावर बसते, कागदावर प्रश्न लिहिते. आजी, तू कसं गायचीस? आजी, तुला भीती वाटायची? आक्का, चार वर्षांत या घरात मला कुणी प्रश्न विचारला नव्हता.

सत्काराला मी नाही म्हणाले होते. निदान म्हणणार होते.

आणि नाव तरी एकटीचं कुठं होतं? सुनेत्रा हे नाव कंपनीनं ठेवलं. ते सिंहली मास्तर ओळ सांगायचे, आप्पा ती देवनागरीत उतरवायचे, कागद माझ्या हातात द्यायचे. मायक्रोफोन सगळं टिपतो म्हणून मला कुजबुजायचीही बंदी. मी तुझ्यासमोर उभी राहून पुढची ओळ नुसत्या ओठांनी म्हणायची, एक मात्रा आधी, आणि तू माझे ओठ वाचून गायचीस. एकोणीस गाणी. तुला ना भाषा येत होती, ना अक्षर. मी समोर नसते तर तू काय गायली असतीस?

आलेपाक नको म्हणतेस, बरं. घशाला मीठ-पाणी कर.

तुझी,
अरुंधती


गेर्लिंगेन, २० ऑक्टोबर २०२४

चि. अरुंधतीस आशीर्वाद.

वा! म्हणजे गाडी बैलानं ओढली का कासऱ्यानं, असा प्रश्न आहे तुझा. कासरा नसता तर बैल रानात गेला असता, कबूल. पण सत्काराला कासरा घेऊन जात नाहीत.

रागावले नाही. मामांनी, तुझ्या आप्पांनी, फोटोसाठी तुला बसवलं, तेव्हाही रागावले नव्हते. तो फोटोवाला माझ्याकडे बघून म्हणाला होता, उजेड कमी आहे. बाहेर मे महिन्यातलं मद्रासचं ऊन होतं. मला सतराव्या वर्षी कळलं की आपलं तोंड दिसलं की लोकांना उजेड कमी पडतो. मीच तुझी बट कपाळावर आणली, थुंकी लावून. आठवतंय? नसेल.

नंतर ते चित्रपट सिलोनमध्येच करायला लागले, मामा गेले, तुला डोंबिवलीत दिलं, मला पुण्यात. सासरी मी गात असे हे सांगायचीही चोरी होती. ह्यांना एकदा सांगितलं तर म्हणाले, कुठल्या भाषेत? म्हटलं सिंहली. म्हणाले, अर्थ काय त्याचा? म्हटलं ठाऊक नाही. दोन दिवस हसत होते. त्यानंतर कुणाला सांगितलं नाही. माझा मुलगा मेला तोवर त्याला ठाऊक नव्हतं.

तर अरू, फोटो तुझा. सुंदर होतीस, तो ठेव. शाल ठेव, नारळ ठेव. फक्त तिथं उभी राहून एवढं सांग की आवाज लीलाचा. एक वाक्य. मराठीत सांग, इंग्रजीत सांग, कसंही. मला तो माझ्या हयातीत माझा झालेला हवाय. घाई आहे असं समज.

तुझी,
लीलाक्का

ता. क. अरुंधतीआजी, हे मी, ऋचा, माझ्या मनानं लिहितेय. आजींना वाचून दाखवणार नाही. त्यांचा घसा बसलेला नाही, स्वरयंत्रात गाठ आहे, वाईट आहे. श्वास कोंडायला लागलाय, म्हणून अख्खं स्वरयंत्र काढणार आहेत. २० नोव्हेंबरचा टर्मिन, म्हणजे ऑपरेशनची तारीख, मिळालीय. त्यानंतर आजींना आवाज असणार नाही. त्यांना सगळं माहीत आहे. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातलीय. माफ करा. पण दहा तारखेच्या आत तुम्हाला माहीत असावं असं वाटलं.


रेगेन्सबर्ग, २७ ऑक्टोबर २०२४

ती. लीलाक्कास शि. सा. नमस्कार.

सांगते. दहा तारखेला स्टेजवर सांगते. वाक्य लिहूनही ठेवलंय, पर्समध्ये आहे.

तू घशाला जप. गार पाणी पिऊ नकोस. इथं थंडी वाढलीय, तिथंही असेल, मफलर घे आणि जप. फार बोलू नकोस. पत्र सांगायचं तर थोडं थोडं सांग. जप, आक्का.

तुझी,
अरुंधती


गेर्लिंगेन, ३ नोव्हेंबर २०२४

चि. अरुंधतीस आशीर्वाद.

ऋचानं तुला सांगितलं. तीनदा जप म्हणणारी तू नव्हेस. साठ वर्षांच्या पत्रांत तू एकदाही मला मफलर घे म्हणाली नाहीस. आता ही माझ्यासमोर मान खाली घालून लिहितेय. तिला रागावले नाही, फक्त आज भाजीत मीठ कमी घातलं.

तर तुला कळलंच आहे. आता गंमत ऐक.

डॉक्टर तरुण आहे, हसरा. ऋचा मधे बसून मला मराठीत सांगत होती. तो म्हणाला, गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. वास येणार नाही. आवाज जाईल, पण काळजीचं कारण नाही, सुरुवातीला लिहायला पाटी देऊ, सगळे पेशंट लिहूनच बोलतात. आणि पाटी पुढं केली. पांढरी, पेनाला दोरी बांधलेली. म्हणाला, करून बघा, नाव लिहा.

मी ऋचाकडे बघितलं, ऋचानं माझ्याकडे. तिनं त्याला हळूच सांगितलं. तो हसायचा थांबला. मग म्हणाला, नाही नाही, जर्मन नको, तुमच्या भाषेत लिहा. त्याला पुन्हा सांगावं लागलं. पंचाऐंशी वर्षांच्या बाईला कुठल्याच भाषेतलं अक्षर येत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी आत गेला आणि एक पुठ्ठा घेऊन आला. त्यावर आठ चित्रं. दुखतंय, पाणी, संडास, थंडी, उशी, औषध, घरच्यांना बोलवा, नको.

आठ. अरू, वीस तारखेनंतर माझी भाषा एवढी. मी पुठ्ठा उलटून पाहिला, मागं काही आहे का. चेष्टेचं चित्र नाही त्यात.

तू माझ्या जागी असतीस तर पाटीवर रकाने भरभरून लिहिलं असतंस. मामा म्हणायचे, या मुलीला अक्षर शिकवू नका, अक्षर आलं की कान जातो, मग एकदा ऐकून गाणं उचलणार नाही. कान राहिला. तो काढणार नाहीयेत.

दहा तारखेला सांग. कुणाला खोटं वाटलं तर एकोणीसपर्यंत मला आवाज आहे. येऊन ऐका म्हणावं. बेडकासारखा का होईना.

तुझी,
लीलाक्का


रेगेन्सबर्ग, १२ नोव्हेंबर २०२४

ती. लीलाक्का,

मी सांगितलं नाही.

हॉल भरलेला होता. शाल घातली, विड्याची पानं दिली. मग गाणं लावलं. मला कळलं नाही कोणतं, उर्जानं बोटांवर तीन दाखवलं, म्हणजे आपलं तिसरं. मी स्पीकरवर तळहात ठेवला. थरथर लागली. आणि आक्का, माझे ओठ आपोआप हलायला लागले. अडुसष्ट वर्षांनी सगळे शब्द आले. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेतला एक म्हातारा रुमाल तोंडात धरून रडत होता. उर्जा रडत होती. पर्समध्ये तो कागद होता. पर्स मांडीवर होती. मी ती उघडली नाही. दुसऱ्या दिवशी उर्जानं नाश्ता खोलीत आणून दिला.

आणखी एक सांगायचं आहे. वीस तारखेच्या आत सांगायला हवं, कारण नंतर तू मला शिव्या देऊ शकणार नाहीस, आणि तसं सोयीचं बघून सांगणं मला जमणार नाही.

स्टुडिओच्या स्वयंपाकघरामागची पायरी आठवते? तिथं कोळशानं मी तुला ल शिकवला. मग वेलांटी. चौथ्या दिवशी माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवून तू म्हणालीस, "अरू, हा ल ना? आणि हापण?" मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. तुला वाचता आलं की कागद तुझ्याच हातात जाणार. मग मी कशाला? मला घरी चुलीपाशी बसवतील. तुला गळा होता, मला तो कागदच होता.

त्या संध्याकाळी आप्पांना मी सांगितलं. तुला वाटलं त्यांनी तुझे काळे हात बघितले. त्यांनी काही बघितलं नव्हतं. त्यांनी हार्मोनियमची पट्टी काढली तेव्हा मी दाराआड उभी होते. फटके पडत होते आणि मी एक-दोन, एक-दोन असे ताल मोजत होते. तुझी करंगळी वाकडी आहे ती माझ्यामुळं. तो आठ चित्रांचा पुठ्ठाही माझ्यामुळं.

ऋचा, हे पान त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. मी लिहिलं. माझ्यानं एवढंच झालं.

अरुंधती


गेर्लिंगेन, १९ नोव्हेंबर २०२४

अरुंधते,

ऋचा वाचता वाचता थांबली. म्हणाली, "आजी, पुढचं पान ओलं झालंय, शाई पसरलीय, लागत नाही." म्हटलं, ओलं असतं तर उलटताना कुरकुरलं नसतं. वाच.

वाचलं तिनं.

मी उठले, हात धुऊन आले. दोनदा. त्या दिवसापासून मी जेवायला बसण्याआधी हात दोनदा धुते, तुला ठाऊक नसेल. सासरी मला सोवळी म्हणायचे. कुहू म्हणते पणजीला पुट्स-फिमल आहे, म्हणजे धुण्या-पुसण्याचं वेड. मला वाटायचं, आपण गबाळ्या. हात नीट धुतले असते तर ल च्या पुढं गेले असते. अडुसष्ट वर्षं मी ही चूक धूत होते आणि ती माझी नव्हतीच.

माफ केलं असं लिहू का, ऋचा विचारतेय. नको लिहू.

आता माझं ऐक. दहा तारखेला मी हॉलमध्ये होते.

इथून यू सहा नंबरची ट्राम पकडली की अर्धा तास. ऋचा, कुहू आणि मी, शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी. तू स्टेजवरून बघितलंस पण तुझा लांबचा चष्मा पर्समध्ये असणार, त्या कागदाबरोबर. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्याऐवजी स्वतःला ऐकलं. रेकॉर्ड निघाली तेव्हा आपल्याकडे ग्रामोफोन नव्हता, नंतर विचारायची सोय नव्हती. मी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला, अरू. बरा होता गं. वरच्या सुराला जरा घाबरत होती पोर, पण गेली वर.

शेजारच्या सिंहली बाईला कुहूनं जर्मनमध्ये अर्थ विचारला. मी जन्मभर समजत होते की देवाची आळवणी आहे. तर म्हशीचं गाणं निघालं. संध्याकाळ झालीय, म्हैस घरी आली नाही, ती बाई बांधावर उभी राहून हाका मारतेय. एवढंच. आणि त्यावर अख्खा हॉल रडत होता. मी हसत होते, मग मलाही आवरेना.

कुहूनं माझा हात ओढून विचारलं, कोण गातंय? मी म्हटलं, ती, शालवाली. "मी" म्हणवेना. या बेडकाच्या आवाजात म्हटलं असतं तर पोर हसली असती, आणि तिनं हसू नये असं मला फार वाटलं.

मग तुझे ओठ बघितले. गाणं मागून येत होतं, तुझे ओठ एक मात्रा पुढं होते. सगळ्या हॉलला वाटलं, म्हातारी आपलं गाणं आठवतेय. मी एकटीनं बघितलं की तू गात नव्हतीस, मला सांगत होतीस. ज्याला तालाची जाण आहे अशा कुणीही नीट बघितलं असतं तर तू तिथंच पकडली गेली असतीस. स्वतःच साक्ष देत होतीस, मूर्ख.

आणि जे बघितलं तेच तू पत्रात लिहिलंस. तळहात, म्हातारा, रुमाल. एक अक्षर खोटं नाही. खोटं लिहिलं असतंस तर हे पत्र आलं नसतं.

उद्या सकाळी साडेसातला नेणार आहेत. हे माझं बोलून घातलेलं शेवटचं पत्र. म्हणून नीट वाच, पुन्हा विचारता येणार नाही.

डॉक्टर म्हणतो, आवाज जाईल, ओठ हलतील. शब्दांचा आकार होईल, नाद होणार नाही. ऋचा नि माझा नातू क्षितिज शिकतील तेव्हा शिकतील, कुहूला मराठी ओठ काय कळणार. जगात एकच माणूस आहे जो बिननादाचे मराठी ओठ वाचतो, कारण बहिरं झाल्यापासून त्याचा दुसरा धंदा नाही. आणि तो माणूस तू. देवाला दुसरं कुणी मिळालं नाही.

म्हणजे मला तुझी गरज पडणार आहे. हे सांगताना जीभ जड होतेय, आणि ती गाठीमुळं नाही.

पण फुकट येऊ देणार नाही. स्टेज गेलं, ते जाऊ दे. उर्जाला सांग. तिनं कागदावर विचारलं, तू कागदावर लिही. सुनेत्रा कोण ते, पायरीवरच्या कोळशाचंही. ती कदाचित पुन्हा दारातून अंगठा दाखवायला लागेल. हो, तसं होईल. तू एकटी पडशील. मीपण पडले होते. तेवढं सोसायचं, मग इकडं ये. क्षितिज गाडी घेऊन न्यायला येईल. समोर बस, मी ओठ हलवीन, तू सगळ्यांना मोठ्यानं सांग. या वेळी कागद नको. आणि मी ज्या शिव्या देईन त्याही सांगायच्या, गाळायच्या नाहीत.

मला कसं कळणार ते ठरवलंय. ऋचानं वाचलेल्यावर विसंबणार नाही, ती माझ्या मायेनं पानं ओली करते. तू उर्जाला सांगितलंस तर आलेपाक पाठव. डबा आला की मला कळेल, कुणी वाचायला नको. सांगितलं नाहीस तर काहीही पाठवू नकोस, शंकरपाळीसुद्धा नाही. मी आठ चित्रांवर भागवीन.

दोन-तीन आठवडे मला नळीनं भरवणार आहेत, तेव्हा टिकेल असा कर. आलं जुनं घे, किसून रस काढू नकोस, चोथ्यासकट घाल. वड्या लहान काप, आपण रेकॉर्डिंगआधी एकीचे दोन तुकडे करून खायचो तेवढ्या. वास मला येणार नाही म्हणतात, म्हणून आलं दुप्पट टाक. झोंबला पाहिजे.